नळाला आधी वारं येतं

आमच्या गल्लीत पाणी पाचव्या दिवशी,
कधी सहाव्या. वेळ कुणालाच ठाऊक नाही,
व्हॉल्व्ह फिरवणाऱ्या माणसालासुद्धा नाही.
मी त्याला विचारलंय, कन्ना चौकात चहा पाजून.

दिवसा मी तीन टॉवेलवाल्या शेठांचं
बिलांचं सॉफ्टवेअर सांभाळतो.
मीच कंपनी, मीच ऑफिसबॉय,
फोनवर "टीमशी बोलून कळवतो" म्हणणाराही मीच.
एप्रिल. त्रेचाळीस. लॅपटॉपखाली
सेकंड मालातला टॉवेल, काठाचा एक धागा सुटलेला.
अडलो की तो धागा ओढतो.
टॉवेल आता बराच लहान झालाय.

रात्री माझं स्वतःचं काम.
दोनशे ऐंशी रुपयांचा बोर्ड,
वाजणाऱ्या ग्रीटिंग कार्डातून उचकटलेली पितळी चकती,
ती एमसीलनं पाइपला चिकटवलेली,
वर शेंगाचटणीची रिकामी बरणी, पालथी.
पाण्याआधी नळाला वारं येतं,
हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत.
वारं आलं, चकती थरथरली
की गल्लीतल्या एकोणीस फोनवर घंटा.
बास. चौऱ्याऐंशी ओळी.

दीड महिना चाललं.
नरसव्वा दुडम रोज हजार विड्या वळते
आणि वर नळापाशी रात्र काढायची.
ती सलग झोपली, असं तिची सून म्हणाली.
मी ते कुठं लिहून ठेवलं नाही.
पाठ आहे.

मग एका मंगळवारी, पहाटे तीन दहाला,
एकोणीस घंटा.
घागरी, पिंपं, मोटारींच्या वायरी,
दुडमांच्या जिन्यावरून "नीळ्ळू वच्चिनय!",
इरण्णा बनियनवर, पाइपचं वेटोळं खांद्यावर.
नळ फुसफुसला. खोकला.
गप्प झाला.
चार वाजले. साडेचार.
कुणी शिवी दिली नाही, त्याचंच जास्त लागलं.
यास्मिनभाभींनी साठवणीतल्या पाण्याचा चहा केला,
कप देताना म्हणाल्या, "होतंय की ओ."
मला तो घोट घोट मोजावासा वाटला.

टॉर्च दातात धरून मी लॉग चाळत होतो:
आवाज खरा, आकडा खरा, घंटा खरी.
नरसव्वा शेजारी येऊन बसली.
मांडीवर सूप नव्हतं, तरी बोटं वळतच होती.
"मशिनला कशाला बडबडलालास बे?
तू वारं आलं का विचारलास. आलं की.
पाण्याचं विचारलासच कुठं?"

सात वर्षं मी हिंजवडीत काढली,
काचेच्या खोल्यांत, फळ्यावर बाण काढत.

तिनं पाइपला कान लावला.
"नुस्तं वारं सरळ रडतंय.
पाण्याआधीचं अडखळतंय. घास अडकल्यावानी
मधी मधी थांबतंय."
किती थांबतं? मला सेकंदात हवं होतं.
तिनं हवेतच कात्री चालवून दाखवली:
एक पान कापायला लागतंय, तेवढं.
मी स्टॉपवॉच लावून तिला वीस पानं कापायला लावली.
सून हसत होती. विसाव्या पानाला नरसव्वा म्हणाली,
"ह्याची मजुरी कोण देणार?"

आता कोडमध्ये एक स्थिरांक आहे.
नाव: नरसव्वा. किंमत: एक पूर्णांक चार.
तिला सांगितलं तर घाबरली,
"नाव कशाला घातलास? बिल यायचं माझ्यावर."

शेठ म्हणतो, गावभर विका, अ‍ॅप करा.
मी साखर पेठेत एक पाइप ऐकून आलो.
तो वेगळाच खोकतो.
तिथं कुणाच्या दारात बसायचं, अजून शोधतोय.

काल सहावा दिवस होता. घंटा वाजली नाही.
मी जागाच होतो.
बरणीच्या आत, उबेला, एक पाल येऊन राहिलीय.
ती हलली की आकडा हलतो.
थोडासाच.
तिच्यासाठी काही लिहावं की तिला हाकलावं,
ते ठरत नाही.